तटाला पोट आलं तेव्हा

लाँड्रीवाल्याच्या पत्र्यावर दगड पडला, तेव्हा मी दुकानात एका नवरीच्या झग्याची कंबर आत घ्यायला उसवत होते. लग्न तोंडावर आलेलं आणि नवरीबाई काळजीनेच इतक्या वाळल्या होत्या, की झगा अंगावर राहीना. धाडकन आवाज झाला. मशीनवरची रिळं खाली गडगडली. बाहेर धावले तर लाँड्रीवाला रस्त्यात उभा, हातातले गिऱ्हाइकाचे शर्ट हँगरला तसेच लोंबकळत होते. तो ते शर्ट द्यायला दाराशी आला म्हणून वाचला. दगड पत्रा फाडून त्याच्या इस्त्रीच्या टेबलावर बसला होता, जणू त्याचीच घडी घालायची राहिली होती.

आमची गल्ली अरुंद. एका बाजूला माझ्यासारख्यांची दुकानं आणि समोर शहराचा जुना तट, चार मजली इमारतीएवढा उंच. तटाच्या अंगाला टेकून फक्त लाँड्रीची पत्र्याची शेड होती. तटाच्या पलीकडे, वर, जुनी पेठ. कधीकाळी शत्रूला अडवायला बांधलेली ती भिंत आता फक्त आम्हाला अडवत होती. वरच्या पेठेत जायचं तर पार टोकापर्यंत चालत जाऊन चढण चढावी लागे. त्यामुळे माझी वरची गिऱ्हाइकं वर्षातून एकदा, तीही तोंड वाकडं करून यायची.

आमचे हे महापालिकेत इंजिनिअर. जुन्या बांधकामांचं खातं त्यांच्याकडे आहे, म्हणजे शहरात जे जे पडायला आलंय ते सगळं यांच्या नावावर. ते हेल्मेट घालून आले, तटासमोर कंबरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, तटाला पोट आलंय. मी रोज मशीनवर बसून त्याच भिंतीकडे बघते, पण मला कधी जाणवलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर मात्र दिसलं. शेडच्या जरा वर, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखी भिंत पुढे आली होती.

संध्याकाळपर्यंत गल्लीला पट्ट्या लागल्या. आमची दुकानं बंद. लाँड्रीची शेड उतरवली. आणि यांच्या वरच्या साहेबांच्या सहीने ठरलं, की गल्लीसमोरचा तटाचा सगळा तुकडा पुढच्या आठवड्यात मशीन लावून पाडायचा.

पाडण्याआधी भिंतीची नोंद ठेवणं कायद्याने भाग होतं, आणि ती ठेवणारी म्हणजे माझी धाकटी बहीण.

धाकटीचं काम मी लोकांना नीट समजावू शकत नाही. ती जुन्या भिंती मोजते, एवढंच सांगते. किल्ले, पूल, तट, जे काही शेकडो वर्षं उभं आहे, त्याच्यापुढे ती तिवईवर एक यंत्र उभं करते. ते यंत्र गरगर फिरतं, लेझरचा किरण सगळीकडे फेकतं आणि भिंतीवरचा प्रत्येक खळगा टिपून घेतं. मग कॉम्प्युटरवर लाखो ठिपक्यांची मिळून तीच भिंत उभी राहते. तिला फिरवता येतं, वरून बघता येतं, कापून आत डोकावता येतं. आमच्या तटाची अशी मोजणी तिने आदल्या हंगामात एकदा केलीच होती. आता परत करायला आली ती आमच्याच घरी उतरली, आणि तिच्या काळ्या पेट्यांनी आमचा पॅसेज भरून गेला. चप्पल काढायलासुद्धा जागा उरली नाही.

पहिल्याच दिवशी जेवताना दोघांची जुंपली. म्हणजे आवाज कोणीच चढवला नाही, पण पानातलं कोणी खाईना. धाकटीचं म्हणणं, तिला थोडा जास्त वेळ हवा. यांचं म्हणणं, वेळ भिंतीकडे मागावा, आपल्याकडे नाही. ती म्हणाली, असला तट आता जगात फार थोड्या ठिकाणी उरलाय. हे म्हणाले, असे लाँड्रीवाले तरी कुठे जास्त आहेत, आमच्याकडे एकच आहे. मला हसू आलं आणि दोघांनीही माझ्याकडे रागाने बघितलं.

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं. दुकान बंद पडून माझे झगे घरच्या पलंगावर लोळत होते, म्हणून भिंतीचा लवकर निकाल लागलेला मला हवाच होता. आणि धाकटी लहानपणापासून एखाद्या गोष्टीमागे लागली की सोडत नाही, हेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मोजणी केली आणि दुपारी घरी येऊन कॉम्प्युटर उघडून बसली. तिने जुनी भिंत आणि नवी भिंत एकमेकींवर ठेवली, जसा मी कागदी नमुना कापडावर ठेवते. जिथे भिंत हललेली नाही तिथे निळा रंग, जिथे हलली तिथे लाल. चहाचे कप घेऊन मी तिच्या मागे येऊन उभी राहिले. सगळा तट निळा होता. अगदी शांत निळा, टोकापासून टोकापर्यंत. फक्त मधोमध एक लाल डाग होता, आणि त्या डागाच्या दोन्ही कडा सरळ खाली उतरत होत्या, कात्रीने कापल्यासारख्या.

धाकटीने कप घेतला नाही. ती पडद्याकडेच बघत होती.

"ताई, भिंत अशी सरळ रेषेत बिघडत नाही," ती म्हणाली.

हे घरी येईपर्यंत तिला दम निघेना. ते आले तसे, बूटसुद्धा काढू न देता, तिने त्यांना खुर्चीत बसवलं. यांचा स्वभाव असा, की वाद घालतील, हट्ट धरतील, पण आकडा समोर आला की गप्प बसून तो वाचतील. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. लाल डागाच्या कडेवर बोट ठेवलं. विचारलं, यंत्राची चूक असू शकते का. ती म्हणाली, असती तर सगळीकडे असती. मग त्यांनी विचारलं, उद्या सकाळी काय काय करता येईल. मी तेव्हाच ओळखलं, की गडी अडकला.

सकाळी आम्ही तिघंही गल्लीत होतो. मला पट्टीच्या आत यायची परवानगी नव्हती, पण यांनी माझ्या डोक्यावर एक हेल्मेट ठेवलं आणि दुसरीकडे बघितलं.

तटावर सकाळचं ऊन येतं. धाकटीने एक छोटा कॅमेरा काढला, तो उजेड नाही तर ऊब बघतो. तिने समजावलं, की जाड भिंत सावकाश तापते, पातळ भिंत लवकर. आत ओल असेल तर ती जागा थंड राहते. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून पडद्याकडे बघत राहिलो. सुरुवातीला सगळं एकसारखं जांभळं. ऊन भिंतीवर उतरू लागलं आणि हळूहळू मधला भाग उजळायला लागला. आधी पिवळसर धुकं, मग त्याला कड आली. दोन उभे खांब वर चढत गेले, वर जाऊन एकमेकांकडे वळले आणि माथ्यावर भेटले. खाली पायथ्याशी मात्र गडद निळा पट्टा तसाच राहिला.

 साध्या डोळ्यांनी बघावं तर समोर नुसते दगड, आणि हातातल्या पडद्यावर भलीमोठी कमान.

 मग हे हळू आवाजात म्हणाले, "दरवाजा आहे."

"होता," धाकटी म्हणाली. "कुणीतरी बुजवलाय. तुम्ही ज्याला तट म्हणून पाडायला निघालात ना भाऊजी, तो तट नाहीच. ते झाकण आहे."

यांनी तिथूनच ऑफिसात फोन लावला आणि पाडायचं काम पुढे ढकललं. वरच्या साहेबांना काय काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण फोन कानापासून लांब धरला होता एवढं बघितलं.

त्यानंतर दोघांच्या अंगात आलं. सकाळपर्यंत एकमेकांशी मोजून बोलणारी माणसं, आता एकमेकांची वाक्यं पुरी करत होती. अग्निशामक दलाची उंच पाळण्याची गाडी मागवली गेली. पाळण्यात उभं राहून धाकटीने एक चपटा डबा भिंतीवरून इस्त्रीसारखा फिरवला. तो रडार होता. लाटा आत सोडायच्या आणि कशाला आपटून परत येतात ते बघायचं. बाजूच्या तटात लाटा आत आत जात राहिल्या, इतका तो जाड. त्याच्या माथ्यावर बस आडवी उभी करता आली असती. कमानीच्या आत मात्र दोन हात दगड लागले, आणि पुढे पोकळी.

आता आत बघितल्याशिवाय कोणाचा जीव राहणार नव्हता. कमानीच्या माथ्याजवळ दोन दगडांमध्ये एक फट होती. बोटभर जाडीची तार, तिच्या टोकाला दिवा आणि डोळ्याएवढा कॅमेरा. डॉक्टर पोटात घालतात तसाच, धाकटी म्हणाली. पाळण्यात दोघांचीच जागा होती, म्हणून वर ती आणि हे गेले. खाली माझ्या दुकानाच्या काउंटरवर पडदा मांडला. तोपर्यंत लाँड्रीवाला आणि गल्लीतले बाकीचे दुकानदार पट्टीपलीकडे गोळा झाले होते. मी पडदा त्यांच्याकडे वळवला, कारण भिंत त्यांचीही होती.

तार आत सरकली. आधी दगडाची खडबडीत बाजू, कोळ्याचं जाळं, माती. मग एकदम काहीच नाही, नुसता काळोख. वरून धाकटी सांगत होती, सावकाश, अजून सावकाश. तार यांच्या हातात होती. दिवा वळला आणि वर घडीव दगडांचं छत दिसलं, एकात एक बसवलेले दगड, जसे काल लावलेत. दोन्ही बाजूंना भिंती. एका भिंतीवर उंचावर काळा ओघळ, मशालीच्या धुराचा. खाली फरसबंदी, तिच्यात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. एका कडेला लाकडी दरवाजाची एक फळी भिंतीला टेकून उभी, तिच्यावरचे लोखंडी खिळे मुठीएवढे. कोनाड्यात पहारेकऱ्यांचा दगडी ओटा, आणि त्या ओट्यावर टोकदार कशाने तरी कोरलेला चौकोनांचा पट.

लाँड्रीवाला म्हणाला, पहाऱ्यावर बसून खेळत होते लेकाचे. सगळे हसले, आणि मला उगाचच भरून आलं. इतक्या वर्षांपूर्वी कोणीतरी कंटाळून तिथे बसलं होतं, आणि तो कंटाळा अजून तसाच होता.

मग दिवा खाली वळला आणि फरसबंदी हलली. निदान मला तसं वाटलं. ते पाणी होतं. कमानीच्या आतल्या अंगाला मातीचा मोठा ढीग लोटलेला, तो भिजून लगदा झालेला, आणि त्याच्यामागे तळं साचलेलं. पलीकडच्या टोकाला, छतातून, पाण्याची बारीक धार गळत होती. अखंड.

 मी मान वर करून बघितलं. हे तार धरून तसेच उभे होते. त्यांना त्या टोकावर, वरच्या पेठेच्या रस्त्याखाली, काय आहे हे बघायला नकाशा लागला नाही. तिथून महापालिकेची पाण्याची मोठी पाइप जाते. तीही यांच्याच कारकिर्दीत टाकलेली.

पाळणा खाली आला. ते उतरले, हेल्मेट काढलं आणि गल्लीतल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "भिंतीचा काही दोष नाही. पाइप आमची फुटली आहे. मातीत पाणी मुरतंय आणि तिच्या रेट्याने हे झाकण पुढे येतंय. मी पाणी बंद करायला सांगतो."

एवढं सरळ बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलंय. लाँड्रीवाल्याने मान हलवली आणि विचारलं, की मग त्याच्या पत्र्याचं काय. हे म्हणाले, पत्रा नवीन मिळेल, पण शेड आता तिथे मिळणार नाही, कारण तिथे दरवाजा आहे.  नंतर त्याला माझ्या शेजारचा रिकामा गाळा मिळाला, आणि आता तो म्हणतो की ती जागा त्याने आधीपासून हेरून ठेवली होती.

पाण्याचा कॉक बंद झाला. खाली एक भोक पाडून आतलं पाणी हळूहळू सोडलं. गढूळ पाणी गल्लीतून वाहत होतं आणि धाकटीचं लेझरचं यंत्र सकाळ-दुपार भिंत मोजत होतं, आणि ती प्रत्येक मोजणी आधीच्या मोजणीवर ठेवून बघत होती. लाल डाग गुलाबी झाला, गुलाबी फिका झाला. भिंत पुढे यायची थांबली, त्या दिवशी घरी दोघांनी जेवताना इतक्या गप्पा मारल्या, की पानं उचलायला मला दोघांना उठवावं लागलं.

मग झाकण उतरवायचा दिवस आला. पाडायचा नव्हे, उतरवायचा. हे या शब्दाबद्दल आता फार कडक झाले होते. कमानीखाली लोखंडी टेकू दिले. गवंडी आणि त्याची माणसं वरून एकेक दगड सोडवणार, त्याच्यावर आकडा घालणार, खाली ठेवणार. यंत्र समोर लावलेलं, कमानीतला कुठलाही दगड केसभर जरी सरकला तरी शिट्टी वाजेल असं जुळवलेलं. वरच्या पेठेतलीही माणसं आली होती, लांबचा फेरा मारून. पट्टीबाहेर उभं राहायला जागा नव्हती.

वरची रांग निघाली. दुसरीही निघाली. आतून थंड हवेचा झोत आला, ओल्या मातीचा वास घेऊन, आणि गर्दीतून एक लांब हुंकार उमटला. आतलं छत आता साध्या डोळ्यांना दिसत होतं. धाकटी टाचा उंचावून बघत होती, तिचा चेहरा लहानपणी जत्रेच्या पाळण्याकडे बघायची तसा झाला होता.

आणि शिट्टी वाजली.

यांनी हात वर केला. गवंडी जागच्या जागी थांबला. धाकटीने पडद्यावर बघितलं. माथ्याजवळचा कमानीचा एक दगड किंचित खाली बसला होता. किंचित म्हणजे नखाच्या जाडीएवढाही नाही. ती म्हणाली, भार उतरल्यावर दगड असे बसतातच, पुढे चालू देत, आणखी दोन रांगा काढल्या की आत जाता येईल. गर्दीलाही तेच हवं होतं. मागून कोणीतरी चला चला म्हणत होतं.

"आज बस," हे म्हणाले.

धाकटीचा विश्वास बसेना. "भाऊजी, परवा-परवापर्यंत तुम्ही इथे मशीन घालणार होता."

"तेव्हा मला ही दिसली नव्हती," ते म्हणाले. "आता दिसली आहे. आता तिचा एक दगडसुद्धा मी घालवणार नाही."

ती चिडली. घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही, पेट्यांना ठेचकाळली तेव्हा तेवढी बोलली, आणि ते लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दगडाखाली आणखी एक टेकू बसवला आणि तिने मोजून बघितलं. दगड हलला नव्हता. तिने अंगठा वर केला. मग दिवसभर काम बिनबोभाट चाललं आणि उन्हं कलायच्या आत झाकण खाली आलं.

पहिल्यांदा आत कोण जाणार, यावर कोणी चर्चाच केली नाही. धाकटी पुढे, हे तिच्या मागे. फरसबंदीवर पोचल्यावर यांनी वळून मला हाक मारली. मी गेले. माझ्या रोजच्या दुकानापासून वीस-पंचवीस पावलांवर, रोज जिच्याकडे बघत शिवण घातली त्या भिंतीच्या आत, मी उभी होते. डोक्यावर ते छत. पायाखाली चाकोरी, तिच्यात माझं पाऊल बरोबर मावत होतं. बाहेरचे आवाज आत येईपर्यंत घुमून मोठे होत होते. धाकटी भिंतीला तळहात लावून उभी होती. इतकी यंत्रं लावून झाल्यावर आता तिला हात लावायचा होता.

पलीकडचं टोक मोकळं करायला पुढचे काही महिने गेले. पाइप बाजूला हलवली, वरच्या रस्त्यापाशी पायऱ्या केल्या. आता तटाच्या पोटातून सरळ वरच्या पेठेत जाता येतं. उद्घाटनाला वरच्या साहेबांनी फीत कापली आणि भाषणात सांगितलं, की हा दरवाजा शोधायची कल्पना मुळात त्यांचीच. हे टाळ्या वाजवत होते. मी कोपर मारलं, तर म्हणाले, वाजव, पाणी वेळेत बंद करू दिलं हेच पुष्कळ झालं.

धाकटी त्या दिवशी नव्हती. ती दुसऱ्या कुठल्याशा देशात, डोंगरावरचा तट मोजत होती. यांनी दरवाजात उभं राहून तिला फोन लावला आणि फोन वर धरून तिला माणसांच्या पावलांचा आवाज ऐकवला. बरीच माणसं होती. वरून खाली येत होती, खालून वर जात होती, कोणी थांबून ओट्यावर बसत होतं. पलीकडून धाकटी काहीतरी ओरडून सांगत होती, पण इकडचा गलकाच इतका, की यांना एक शब्द कळेना. "अगं, ऐकू येत नाही," ते म्हणाले, आणि तरी फोन खाली घेईनात.

मी दुकानात परतले. काउंटरपाशी वरच्या पेठेतल्या दोन बायका उभ्या होत्या, आणि दोघींनाही कंबर सैल करून हवी होती.